महाप्रसाद आणि कोमट अन्न

उत्सवाचे दिवस जवळ आले की देवस्थानाच्या कोठीघरास निराळेच चैतन्य येते. तांदूळ निवडले जातात, डाळींना ऊन दाखविले जाते, मोठाले हंडे माळ्यावरून उतरून चिंचेने घासले जातात, आणि आचारी कोणता बोलवावा व किती पानांचा अंदाज धरावा यावर बैठका झडतात. मिठाचा, तेलाचा, पत्रावळींचा, गॅसच्या टाक्यांचा हिशेब अशा बैठकांत काटेकोरपणे होतो. एका गोष्टीचा हिशेब मात्र सहसा होत नाही. अन्न चुलीवरून उतरल्यापासून पानात पडेपर्यंत किती तास जातात आणि त्या तासांत त्याचे उष्णतामान काय असते, हा तो हिशेब होय. प्रस्तुत लेखाचा विषय तेवढाच आहे. परंतु शेकडो माणसे ज्या विश्वासाने पंगतीला बसतात त्या विश्वासाशी त्याचा निकट संबंध असल्यामुळे त्याचा थोडा विस्ताराने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

हा विषय काढला की पहिला आक्षेप ठरलेला असतो. ‘अन्न खळखळून उकळलेले, डोळ्यांदेखत शिजलेले, त्यात जंतू राहतीलच कसे?’ आक्षेप वरकरणी बिनतोड आहे. अन्न सर्व बाजूंनी, अगदी गाभ्यापर्यंत, ७० अंश सेल्सिअसपर्यंत तापले तर त्यातील बहुतेक रोगजंतू मरतात, आणि आपला भात, आमटी, उसळ हे पदार्थ तर त्याहून कितीतरी अधिक तापतात. तेव्हा शिजवण्यात आपले आचारी सहसा कमी पडत नाहीत. उणीव राहते ती शिजवून झाल्यानंतर.

रोग उत्पन्न करणाऱ्या बहुतेक जिवाणूंना ५ अंशांच्या खाली वाढ फारशी साधत नाही आणि ६० अंशांच्या वर ती मुळीच साधत नाही. या दोहोंमधला जो पट्टा आहे तो त्यांच्या भरभराटीचा, आणि त्यातही आपल्या शरीराच्या उबेच्या आसपासचा भाग त्यांस विशेष मानवतो. मराठीत या अवस्थेला एक नेमका शब्द आहे : कोमट. ‘अजून कोमट आहे, म्हणजे ताजेच आहे,’ असे आपण सहज म्हणून जातो. वस्तुतः अन्न ऊन ऊन असते तेव्हा ते सुरक्षित असते, बर्फासारखे गार असते तेव्हाही बऱ्याच अंशी सुरक्षित असते. कोमट असते तेव्हाच त्याची काळजी करावयाची असते.

ही वाढ किती वेगाने होते हे ध्यानी यावे म्हणून थोडे गणित करू. एक जिवाणू अनुकूल उबेत दर २० मिनिटांनी दुभंगतो असे धरले, तर एकाचे तासाभरात ८ होतात, दोन तासांत ६४, चार तासांत ४,०९६ आणि सहा तासांत २,६२,१४४. पहिल्या दोन तासांत फारसे काही घडले असे वाटत नाही. सारा अनर्थ शेवटच्या दोन तासांत होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली सुरक्षित अन्नाविषयी जी पाच सूत्रे प्रसिद्ध केली त्यांत शिजलेले अन्न नुसत्या हवेत दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये असे सांगितले आहे, त्याचे मर्म या गणितात आहे. हवाच ३२ अंशांच्या वर असेल तर ही मुदत एका तासावर आणावी असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. आपल्याकडे रामनवमी आणि हनुमान जयंती या दोन्ही उत्सवांच्या दिवशी हवा बहुधा तशीच असते.

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. उकळलेल्या अन्नात जंतू येतात कोठून? काही बाहेरून येतात. त्यांचा विचार पुढे करू. पण काही आधीपासून आतच असतात. मातीत राहणारे काही जिवाणू प्रतिकूल काळी स्वतःभोवती कठीण कवच निर्माण करून बीजरूपाने पडून राहतात. शास्त्रात यांस बीजाणू म्हणतात. तांदूळ, डाळी, मसाले यांबरोबर ते स्वयंपाकघरात येतात आणि धुण्याने पुरते जात नाहीत. उकळत्या पाण्यातही त्यांतील पुष्कळसे टिकून राहतात. शेतकरी तण उपटतो तेव्हा लव्हाळ्याची पाती वर येतात, परंतु त्याच्या गाठी जमिनीतच राहतात. रान मोकळे झाले की पहिल्याच पावसात पुन्हा सगळीकडे लव्हाळा. हंड्यातही तसेच घडते. उकळीने इतर सारे जंतू मारले, रान साफ झाले, आणि हंडा कोमट होताच दडलेल्या बीजाणूंना अंकुर फुटले. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूच्या बाबतीत तर शिजवण्याची उष्णता त्याच्या बीजाणूंना जागे करण्यास साहाय्यच करते, आणि उकळण्याने अन्नातील हवा निघून जाते हेही त्याच्या पथ्यावर पडते. कारण तो प्राणवायू नसलेल्या जागीच वाढतो. ४३ ते ४७ अंशांत तो दहा मिनिटांच्या आसपास दुप्पट होतो. त्याची बाधा मांसाच्या पदार्थांतून अधिक होत असली तरी घट्ट वरण वा उसळ हीही त्याला वर्ज्य नाहीत.

या बाबतीत नॉर्वेमधील एक प्रकरण सांगण्यासारखे आहे. १९४७ ते १९४९ या काळात ओस्लो शहरी रुग्णालयांसारख्या ठिकाणी मिळून सुमारे ६०० जणांना अन्नबाधा झाली. सर्वांनी खाल्लेला पदार्थ एकच होता : व्हॅनिलाचा सुवास दिलेले, मक्याच्या पिठाने दाट केलेले एक दुधाळ कालवण. आपल्याकडे कॉर्नफ्लॉवर लावून खीर दाट करतात, त्याच जातीचे म्हणा. हे कालवण आदल्या दिवशी करून मोठ्या भांड्यांत तसेच ठेवलेले होते. चव बिघडली नव्हती, वास आला नव्हता. स्टेइनार हाउगे या संशोधकाने त्यातून बॅसिलस सेरिअस नावाचा जिवाणू शोधून काढला. त्याचे बीजाणू मक्याच्या पिठात होते. तोवर हा जिवाणू निरुपद्रवी समजला जात असे. मग हाउगे याने हे जिवाणू मुद्दाम वाढवलेले कालवण २०० मिलिलिटर स्वतः प्राशन केले, आणि सुमारे १३ तासांनी पोटात कळा येऊन जुलाबांनी तो हैराण झाला. शास्त्राला पुरावा मिळाला.

या प्रकरणातील आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट जिवाणूचे नाव नव्हे, तर ‘मोठी भांडी’ ही आहे. हंडा जितका मोठा तितका तो थंड होण्यास वेळ लागतो हे कोणासही ठाऊक आहे, पण तो किती लागतो याची कल्पना थोड्यांनाच असते. भातासारख्या ढवळता न येणाऱ्या पदार्थाच्या थराची जाडी दुप्पट केली तर त्याच्या गाभ्यातील उष्णता बाहेर पडण्यास वेळ दुप्पट नव्हे, सुमारे चौपट लागतो. तेव्हा दोन बोटे जाडीचा भात परातीत पसरला तर थोड्याच वेळात निवतो, आणि तोच भात हातभर खोल तपेल्यात तसाच ठेवला तर वरचा थर गार लागला तरी मधला भाग तासन् तास कोमट राहतो. सकाळी शिजवलेले तपेले संध्याकाळी उलटले असता आतून ऊब लागते, आणि पाहणारे ‘बघा, अजून ऊब आहे’ म्हणून कौतुक करतात! ती ऊब म्हणजेच जंतूंची पेरणी झालेले शेत.

आपल्याकडे मोठ्या हंड्याचा एक अभिमान असतो. अमक्या देवस्थानात इतक्या मण तांदळाचा हंडा आहे, असे मोठ्या आवाजात सांगितले जाते. दाटसर पदार्थ एकाच प्रचंड भांड्यात करण्यापेक्षा चार मध्यम भांड्यांत, आणि तेही एकामागून एक, केलेला केव्हाही बरा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुरीच्या श्रीजगन्नाथाच्या स्वयंपाकघराची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. इतका मोठा महाप्रसाद देशात क्वचितच कोठे होत असेल. परंतु तो मातीच्या भांड्यांत, एकावर एक रचून, लाकडाच्या आचेवर शिजवला जातो. एका वेळी वापरलेले मडके पुन्हा वापरीत नाहीत. या व्यवस्थेची कारणे धार्मिक आहेत. तथापि अन्न लहान लहान भांड्यांत शिजते आणि तेथल्या आनंदबाजारात त्याच दिवशी खपते, हा तिचा व्यावहारिक लाभ दृष्टीआड करण्याजोगा नाही.

भाताविषयी आणखी थोडे सांगणे प्राप्त आहे, कारण तो आपल्या प्रत्येक पानात असतो. १९७१ साली इंग्लंडमध्ये चिनी पद्धतीच्या उपाहारगृहांत परतलेला भात खाऊन लोकांना ओकाऱ्या झाल्याची प्रकरणे पुढे आली. तेथे आदल्या दिवशी शिजवलेला भात मुद्दाम बाहेरच ठेवीत. कारण शीतकपाटात तो चिकटून त्याचे गोळे होत. दुसऱ्या दिवशी कढईत टाकून दोन मिनिटे परतला की गिऱ्हाइकापुढे. येथेही तोच बॅसिलस सेरिअस होता, परंतु या खेपेस त्याने भातातच एक विष तयार करून ठेवले होते. हे विष इतके चिवट की ते १२१ अंशांवर दीड तास तापवूनही नष्ट होत नाही. घरच्या कढईची काय कथा! आमच्या फोडणीच्या भाताचे हे सख्खे भावंड आहे, हे वाचकांच्या ध्यानी आलेच असेल. फोडणीचा भात टाकावा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. तो आम्हांसही आवडतो. रात्रीचा उरलेला भात वेळीच पसरून, निववून, शीतकपाटात ठेवलेला असावा, इतकेच.

येथे एका दृढमूल समजुतीचे निराकरण करणे अगत्याचे आहे. ‘पुन्हा एक उकळी दिली की अन्न शुद्ध होते,’ ही ती समजूत. ती अर्धीच खरी आहे. अन्न पुन्हा ७५ अंशांपर्यंत गाभ्यातून तापवले तर त्यात वाढलेले जिवंत जंतू मरतात. परफ्रिंजन्सपासून या रीतीने बचाव होतो. पण ज्या जंतूंनी अगोदरच अन्नात चिवट विष सोडून ठेवले आहे, ते जंतू मेले तरी त्यांचे विष तसेच राहते. चोर पळाला, पण विहिरीत टाकलेले विष काढावयाचे राहिले, अशी ती अवस्था.

असे विष सोडणारा दुसरा जिवाणू स्टॅफिलोकोकस ऑरियस. हा तांदळातून येत नाही. तो माणसाच्या नाकात, त्वचेवर, आणि विशेषतः पिकलेल्या फोडात वा चिघळलेल्या जखमेत असतो. या जातीच्या जंतूंचा उलगडा करणारा एक जुना प्रयोग दुधाचा आहे. १९१४ साली फिलिपाईन्स बेटांवर एम. ए. बार्बर या संशोधकाने एका गाईच्या सायीचा शोध घेतला. ती साय ताजी खाल्ली तर काहीच होत नसे. मात्र ती काही तास उबेत राहिली की खाणारा आजारी पडे. बार्बरने स्वतःवर पुनःपुन्हा प्रयोग करून ही गोष्ट पडताळून पाहिली. गाय तीच, साय तीच. फरक केवळ तासांचा आणि उबेचा. आमच्या प्रतिपादनाचा सारांश याहून थोडक्यात सांगता येणार नाही. यावरून स्वयंपाकघरापुरता एक नियम निघतो. ज्याच्या हाताला फोड, जखम वा पट्टी आहे त्याने त्या दिवशी कोशिंबीर कालवू नये, लाडू वळू नयेत, खवा मळू नये. सेवा करण्याची हौस असेल तर पाणी वाढावे वा चपला सांभाळाव्यात. स्नान करून धूत वस्त्र नेसून स्वयंपाकास लागण्याची आपली जुनी शिस्त उत्तमच आहे, परंतु फोडाला ती पुरी पडत नाही.

शिळ्या अन्नाचा विचार आपल्या ग्रंथांत नाही असे नाही. श्रीमद्भगवद्गीतेच्या १७ व्या अध्यायातील १० व्या श्लोकात तामस आहाराची जी लक्षणे दिली आहेत त्यांत ‘यातयाम’ आणि ‘पर्युषित’ हे दोन शब्द येतात. ‘पर्युषित’ म्हणजे रात्रभर राहिलेले, हे सरळ आहे. ‘यातयाम’ शब्दाविषयी मात्र टीकाकारांत भेद दिसतो. श्रीधरस्वामी त्याचा अर्थ शिजून एक प्रहर लोटलेला व थंड झालेला भात वगैरे असा करतात. श्रीशंकराचार्य मात्र नीट न शिजलेले असा करतात. मौज अशी की आजच्या अन्नशास्त्राच्या दृष्टीने हे दोन्ही दोष उष्णतामानाचेच आहेत : एकात अन्न पुरेसे तापलेले नाही, दुसऱ्यात तापलेले अन्न नको तितका वेळ निवत पडले आहे. आमच्या पूर्वजांना जंतुशास्त्र अवगत होते असा दावा आम्ही करीत नाही. तसे म्हणणे त्यांच्यावरही अन्याय करणारे होईल. परंतु प्रहराच्या मापाने अन्नाचे वय मोजण्याची सवय त्यांना होती, आणि ती आपण घालवून बसलो आहो.

ती कशी घालवली हे पाहावयाचे तर कोणत्याही उत्सवाच्या दिवसाचा क्रम आठवावा. आचारी पहाटे चार वाजता चूल पेटवतात, कारण नऊपर्यंत स्वयंपाक हातावेगळा झाला की त्यांना मोकळे वाटते. नैवेद्य मध्यान्हीस. मध्यंतरी कीर्तन लांबते. मग प्रमुख पाहुणे यावयाचे असतात. ते अर्धा तास उशिरा येतात आणि येताना भाषण घेऊन येतात. सत्कार, आभार, आरती, मंत्रपुष्प असे करता करता पहिली पंगत दीड वाजता बसते आणि शेवटची साडेतीनला उठते. म्हणजे नऊ वाजता उतरलेला मसालेभात शेवटच्या पंगतीतील म्हाताऱ्या आजींच्या पानात साडेसहा तासांनी पडतो. या शेवटच्या पंगतीत कोण असते? दिवसभर राबलेले कार्यकर्ते, वाढपी मुले, भांडी घासणाऱ्या बाया आणि दारात ताटकळलेले गरीबगुरीब. धोका चढत जातो तो या क्रमाने. आम्हांस या व्यवस्थेत सर्वांत जास्त खटकते ते हेच.

उपाय अवघड नाहीत. पहिला म्हणजे पंगतीची वेळ आधी ठरवून स्वयंपाकाची वेळ तीवरून मागे मोजावी. स्वयंपाकाची वेळ आचाऱ्याच्या सोयीने ठरवून पंगत देवाच्या भरवशावर सोडू नये. भात दर पंगतीसाठी स्वतंत्र घालावा. नैवेद्यापुरते अन्न लवकर करून बाकीचे मागाहून करण्यास कोणतीच शास्त्रीय अडचण आम्हांस दिसत नाही. दुसरा उपाय, उतरलेले अन्न ६० अंशांच्या वर राखावे. आमटी, कढण, सार यांसारखे पातळ पदार्थ मंद आचेवर ठेवून अधूनमधून तळापासून ढवळले की काम भागते. दाट पदार्थ करपतात. त्यांचे भांडे उकळत्या पाण्याच्या मोठ्या परातीत वा घंगाळात बसवावे, झाकण घट्ट ठेवावे, आणि पाणी निवू लागले की बदलावे. नुसत्या दुलईत गुंडाळून ठेवण्याची रीत जुनी असली तरी तिच्यावर विसंबू नये. ती अन्नाला निवण्यास उशीर लावते, ऊन ठेवीत नाही, आणि काही तासांनी नेमके कोमट अन्नच आपल्या हाती देते.

उष्णता ६० अंशांच्या वर आहे हे ओळखावे कसे? वाफ दिसते यावर जाऊ नये, बोट लावून पाहणे तर स्वच्छतेच्या दृष्टीनेही गैर. यासाठी धातूची लांब टोचणी असलेला अन्नाचा उष्णतामापक बाजारात मिळतो. तापमापक बिघडलेला नाही ना, हे घरीच पाहता येते. बर्फाचा चुरा व थोडे पाणी एकत्र करून त्यात तो धरला तर ० अंश दाखवला पाहिजे. उकळत्या पाण्यात मात्र सर्वत्र १०० दिसणार नाहीत. गोव्याच्या किनाऱ्यावर १०० दिसतील. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असल्यामुळे येथे पाणी सुमारे ९७.५ अंशांवरच उकळते, आणि इंदुरास सुमारे ९८ वर. तेव्हा बेळगावकरांनी आपला मापक दोन-अडीच अंश कमी दाखवतो म्हणून दुकानदाराशी भांडू नये. टोचणी अन्नाच्या मधोमध खुपसावी, कडेला नव्हे. आणि एका पदार्थातून दुसऱ्यात घालण्यापूर्वी धुऊन पुसावी.

थंड पदार्थांचा न्याय उलट. मठ्ठा, श्रीखंड, बासुंदी, दह्यातली कोशिंबीर ही ५ अंशांच्या आत असावीत. शीतकपाट पुरेसे नसेल तर भांडी बर्फाच्या टबात गळ्यापर्यंत बुडवून ठेवावीत. बर्फ पदार्थात टाकू नये, कारण त्याचे पाणी कोठले हे आपणांस ठाऊक नसते. कोशिंबिरीला दही पंगत बसतेवेळीच लावावे. दही आंबट असल्यामुळे त्यात हे जंतू सहज वाढत नाहीत हे खरे. प्रवासाला दहीभात नेण्याची आपल्या घरांतली पद्धत म्हणूनच टिकली. तथापि आधीच बिघडलेल्या भातावर दही घातल्याने तो सुधारत नाही.

पंचामृताविषयी लिहिताना आम्ही थोडे बिचकतो, परंतु लिहिणे भाग आहे. पहाटेच्या अभिषेकाचे पंचामृत दुपारपर्यंत, कधी सायंकाळपर्यंतही, तीर्थ म्हणून दिले जाते. त्यात निरसे दूध असते, केळ्याचे काप असतात, आणि ते उघड्या पात्रात, गाभाऱ्याच्या उबेत असते. दह्याचा आंबटपणा व मध-साखर यांचा आधार असला तरी दुधाचे प्रमाण अधिक असेल तेथे तो पुरेसा नाही. अभिषेक परंपरेप्रमाणे व्हावा. मात्र वाटावयाचे पंचामृत तापवून निववलेल्या दुधाचे, थोडे थोडे, दर दोन तासांनी नवे करून ठेवता येईल का, याचा विचार पुजारी मंडळींनी व विश्वस्तांनी करावा अशी आमची विनंती आहे. लहान मुलांच्या हातावर तीर्थ आपणच घालतो.

ज्यांना ही यातायात झेपणार नाही त्यांना एक सोपी वाट आहे : पदार्थच असे निवडावेत की ज्यांना उष्णतामानाची फिकीर नाही. जंतूंना वाढण्यास पाणी लागते. ज्यात पाणी थोडे, वा जे साखरेने बांधून टाकलेले, तेथे त्यांचा निभाव लागत नाही. बुंदीचे लाडू, चिरोटे, सुंठवडा, पंचखाद्य, शेव, चुरमुऱ्याचा चिवडा हे याच वर्गातले, आणि नीट आटवलेला आमचा बेळगावी कुंदाही बऱ्याच अंशी त्यातच येतो. याउलट ताज्या खव्याचे मऊ पेढे, ओल्या नारळाची चटणी, उकडीचे मोदक, साबुदाण्याची खीर हे त्याच दिवशी, त्याच वेळी संपवावयाचे. घरी नेण्यासाठी भक्तांच्या हाती द्यावयाचा प्रसाद पहिल्या वर्गातला असावा. ऊन मसालेभात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून द्यावा, तो कोणी रात्री आठला सोडून नातवंडांना घालावा, हा प्रकार बंद होईल तर फार चांगले.

उरलेल्या अन्नाचा प्रश्न नाजूक आहे. अन्न हे पूर्णब्रह्म. ते टाकवत नाही. म्हणून संध्याकाळी, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी, ते वस्तीत नेऊन वाटतात, आणि वाटणाऱ्यास पुण्य केल्याचे समाधान होते. ज्या मसालेभाताला आपण दुसऱ्या दिवशी आपल्या घरी शिवणार नाही, तो ज्यांना ‘नको’ म्हणण्याची सोय नाही आणि डॉक्टरकडे जाण्याची ऐपत नाही, त्यांच्या मुलांच्या ताटात घालणे यास अन्नदान म्हणावे की नाही, हे वाचकांनीच ठरवावे. वाटावयाचे असेल तर शेवटची पंगत उठण्याची वाट न पाहता, अन्न ऊन असताना, पहिल्या पंगतीबरोबरच त्यांचा वाटा काढून पोहोचवावा. तेही पाहुणेच होत.

ठेवावयाचेच असेल तर निववण्याची रीत अशी. अन्न उथळ परातींत दोन बोटांहून अधिक जाड होणार नाही असे पसरावे. पातळ पदार्थाचे भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळत राहावे. पहिल्या दोन तासांत ते ६० वरून २१ अंशांवर यावे आणि त्यापुढील चार तासांत ५ वर. मोठे तपेले जसेच्या तसे शीतकपाटात कोंबण्याने हे साधत नाही. त्याचा गाभा कोमटच राहतो आणि शेजारचे दूधही तापते. काढल्यावर एकदाच, आणि चांगले वाफाळेपर्यंत, तापवावे. दुसऱ्यांदा उरले तर ते गाईलाही घालू नये.

बाधेची वेळही ध्यानात ठेवावी. भातातल्या किंवा हातावरच्या जंतूंचे विष असेल तर तासाभरापासून सहा तासांच्या आत ओकाऱ्या सुरू होतात. परफ्रिंजन्सची बाधा बहुधा ८ ते १२ तासांनी होते. म्हणजे दुपारी जेवलेल्या माणसाच्या पोटात मध्यरात्री कळ येते आणि बिचारी सूनबाई रात्रीच्या पिठल्यावरून बोलणी खाते. बहुतेक लोक एखाद्या दिवसात बरे होतात. मात्र तान्ही मुले, वृद्ध व आधीच आजारी असलेली माणसे यांच्या अंगातले पाणी झपाट्याने कमी होते. त्यांना मीठ-साखरेचे जलसंजीवनीचे पाणी घोटघोट देत विलंब न लावता डॉक्टरांकडे न्यावे. कारण शोधणे सोपे व्हावे म्हणून प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना, वेळ व दिनांक लिहून, स्वच्छ डब्यात दोन-तीन दिवस शीतकपाटात ठेवण्याची पद्धत चांगली आहे. २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्याखाली २०११ साली झालेल्या नियमांत धार्मिक समारंभात अन्न वाटणाऱ्यांनाही नोंदणीच्या कक्षेत घेतले आहे, हे विश्वस्त मंडळींच्या माहितीसाठी येथे नमूद करतो.

स्वयंपाकघराच्या भिंतीला एक वही टांगावी. तीत चार रकाने असावेत : पदार्थ, चुलीवरून उतरल्याची वेळ, वाढण्यापूर्वीचे उष्णतामान, आणि पाहणाऱ्याची सही. दर तासाला टोचणी घालून आकडा लिहावा. ६० च्या खाली आलेले अन्न दोन तासांच्या आतले असेल तर पुन्हा ७५ पर्यंत तापवून घ्यावे. त्याहून अधिक वेळ गेला असेल, किंवा किती वेळ गेला हे कोणासच सांगता येत नसेल, तर ते वाढू नये. हे काम आचाऱ्यावर टाकू नये, त्याला चुलीपुढून हलता येत नाही. शाळेच्या वरच्या वर्गातील एखाद्या हुशार मुलीकडे किंवा मुलाकडे ते द्यावे. ही मंडळी आकडा खोटा लिहीत नाहीत आणि पाहुणे आले म्हणून दचकतही नाहीत.